साखर उतरली म्हणून पेढे वाटू नका
(खानदेश विभागाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावासाठी बोलावलेल्या बैठकीत किडनीचा विषय कशाला, असे आज सकाळीच दोघा-तिघांनी विचारले. रास्त प्रश्न आहे. आम्ही काही डॉक्टर नाही. संघटनेचे काम करता करता गावोगाव जे दिसले, त्यातून डॉक्टरांना विचारत गेलो, समजून घेत गेलो, तेवढीच आमची पात्रता. पण आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचे जे झाले ते पाहिल्यावर हा विषय बैठकीत काढायचाच असे आम्ही ठरवले.

हा गृहस्थ रस्ता रोकोत पुढे, तुरुंगात पुढे, हिशेबातही चोख. चाळिशीत मधुमेह लागला. गोळ्या झाल्या, मग इन्सुलिनच्या सुया सुरू झाल्या. दहा-बारा वर्षे तसे चालले. मग एका दिवाळीच्या सुमारास त्याची साखर आपोआप उतरायला लागली. सुई निम्मी केली तरी साखर ताब्यात. पुढे पुढे तर सुई घेतली की घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे, म्हणून त्याने सुईच बंद केली. कोणी म्हणाले मेथ्यांचा गुण, कोणी म्हणाले कुठलासा काढा लागू पडला. त्याने बैठकीत पेढे वाटले. आम्हीही खाल्ले, त्याच्या पाठीवर थाप मारली. चार महिन्यांनी पाय सुजले, जेवण तुटले, रात्री आडवे पडले की दम लागायला लागला. तालुक्याला रक्त तपासले तर क्रिएटिनिन नऊच्या वर. तिथून थेट डायलिसिस.

झाले होते ते असे. इन्सुलिन शरीरात आपले काम करून संपते तेव्हा त्याचा बराचसा भाग मोडून टाकण्याचे काम किडनी करते, विशेषतः सुईने घेतलेल्या इन्सुलिनचा. किडनीच थकली की तेच इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळते. म्हणून थोड्या सुईत साखर उतरते. त्यातून भूक मेलेली, जेवण कमी. साखर सुधारली नव्हती, किडनी बुडत होती. आणि आम्ही पेढे खात होतो. दोष त्या काढेवाल्याचा म्हणावा तर आमचा त्याहून मोठा, कारण आम्ही शिकलेले म्हणवून घेतो.

जुना मधुमेह असलेल्या माणसाची साखर काही कारण नसताना उतरू लागली, तर त्याच आठवड्यात क्रिएटिनिन आणि लघवी तपासायची. आज बाकी काही ध्यानात राहिले नाही तरी एवढे न्या.

आता जरा मुळातून पाहू. मधुमेह म्हणजे इन्सुलिन कमी पडणे, एवढेच आपल्याला सांगितलेले असते. चाळिशीनंतर होणाऱ्या मधुमेहात आधीची दहा-पंधरा वर्षे वेगळीच गोष्ट चालू असते. इन्सुलिन भरपूर असते, पण स्नायू, यकृत, चरबी त्याला दाद देत नाहीत. हे दाद न देणे म्हणजेच डॉक्टर ज्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात ते. कापूसवाल्याला हे समजवायला वेळ लागत नाही. बोंडअळी सायपरमेथ्रीनला दाद देईनाशी झाली तेव्हा आपण काय केले? एकाच्या दोन फवारण्या केल्या, दोनाच्या सहा केल्या. काही दिवस निभावले. खर्च मात्र चढत गेला आणि शेवटी अळी राहिली, शेतकरी बसला. स्वादुपिंडाचे तसेच होते. एका घोटाने भागत होते तिथे ते इन्सुलिनचे चार घोट ओतते. साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येतो, म्हणून आपण निर्धास्त. आत फवारण्यांची संख्या वाढत चाललेली असते, ती कोणी मोजत नाही. उपमा अर्थात इथेच सोडायची. अळीत दाद न देणारी तेवढी जगते आणि तिची पैदास वाढते. शरीरात तेच स्नायू, तेच यकृत, चरबी आणि बैठकीमुळे बधिर होतात आणि हालचाल वाढली, पोट उतरले की बरेचसे ताळ्यावरही येतात. अळी ताळ्यावर आल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

या जास्तीच्या इन्सुलिनचा किडनीशी काय संबंध? आपल्या जिल्ह्यात ठिबक कोणाला शिकवायला नको. विहिरीचे पाणी आधी सँड फिल्टरमधून जाते, मग जाळीच्या फिल्टरमधून, मग लॅटरलला. एका किडनीत असे सूक्ष्म फिल्टर सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे परत रक्तात घेतात. इन्सुलिन जास्त झाले की किडनी मीठ धरून ठेवते. मीठ धरले की पाणी धरले, रक्तदाब चढला. त्यात साखर वाढलेली असली की फिल्टरमधला दाब आणखी चढतो. गेजचा काटा लालवर गेला तरी मोटार चालूच ठेवली तर जाळी किती दिवस टिकेल? आधी जाळी ताणली जाते, मग फाटते. फाटल्यावर जे पलीकडे जायला नको ते जाते. माणसाच्या बाबतीत ते म्हणजे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन, लघवीत. फरक एवढाच की ठिबकची जाळी बाजारात मिळते आणि बॅकवॉशही करता येतो. किडनीच्या जाळीला बॅकवॉश नाही.

यात एक फसवणूक आहे. पहिल्या काळात दाब जास्त असल्याने गाळणीचा वेग उलट वाढलेला असतो. रिपोर्ट उत्तम दिसतो. फाटक्या जाळीतूनही पाणी भरपूर येते, तसे.

दाबाखेरीज आणखी एक कारण असावे असे आता दिसते. फिल्टरच्या जाळीला बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेशींना स्वतःलाच इन्सुलिनचा निरोप लागतो. २०१० साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी उंदरांच्या या पेशींतली इन्सुलिन ओळखण्याची सोय काढून टाकली. उंदरांची साखर वाढली नव्हती, तरी लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण साखर न वाढताही फिल्टर खराब होऊ शकतो, एवढे त्यातून कळते.

हे दाद न देणे मोजायचे कसे? एक हिशेब १९८५ साली ऑक्सफर्डला बसवला गेला. त्याला होमा-आयआर म्हणतात. उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचे इन्सुलिन, भागिले ४०५. साखर १०० आणि इन्सुलिन १२ असेल तर उत्तर २.९६. साधारण अडीचच्या वर गेले की शंका घ्यायची असे पुष्कळ डॉक्टर मानतात. पण ही रेघ सगळीकडे सारखी नाही. प्रयोगशाळेगणिक इन्सुलिनचा आकडा हलतो. शिवाय तालुक्याला ही तपासणी सहसा होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, पैसेही जास्त पडतात.

दुसरा हिशेब गरिबाचा आहे आणि तो मेक्सिकोतून आला, २००८ साली. त्यात इन्सुलिन मोजायचेच नाही. उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, गुणिले उपाशीपोटीची साखर, भागिले दोन, आणि जो आकडा येईल त्याचा लॉगॅरिथम. टीवायजी म्हणतात त्याला. ट्रायग्लिसराइड १०० आणि साखर ८५ असेल तर ८.३५ येतो. ट्रायग्लिसराइड १८० आणि साखर १०५ असेल तर ९.१५. दिसायला फरक थोडा, पण लॉगॅरिथमच्या हिशेबात तो दुपटीहून जास्त आहे. ज्याला लॉगॅरिथम नको त्याने ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागावे. तीनच्या वर गेले तर सावध व्हावे.

आणि तेही नको असेल तर शिंप्याची टेप घ्या. कंबर बेंबीच्या पातळीला मोजा, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर असेल तर धोका धरतात. खर्च शून्य.

इथे कोणीतरी म्हणणार, आम्ही तर काटकुळे, आम्हाला कसला हा श्रीमंताचा रोग? या समजुतीला आपल्याच महाराष्ट्रातून उत्तर मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराची २१.२ टक्के. वजनकाटा एकच, आतला माल वेगळा. जिनिंगवाल्याने कापसाचा काटा बघून उतारा ठरवला तर आपण भांडतो, तसेच हे.

याचे मूळ आईच्या पोटापर्यंत जाते. याच डॉक्टरांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या शेतकरी बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचे साडेतीन. पण कमी काय होते? स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र फारशी कमी नाही. म्हणजे बाळ जन्मतःच काटकुळे आणि तरी चरबीवाले. ज्या बायांना गरोदरपणात शेतातले आणि पाणी वाहण्याचे कष्ट जास्त, त्यांची बाळे जास्त लहान, हेही त्याच अभ्यासात दिसले. मायबहिणींनो, हे तुम्हाला कोणी शास्त्रज्ञाने सांगायची गरज नाही. आणि कमी वजनाच्या बाळाच्या किडनीत फिल्टरही कमी असतात. दाद न देणारे शरीर आणि मोजकेच फिल्टर अशी दोन कर्जे घेऊनच ते जन्माला येते. सातबारा कोरा करा म्हणून आपण सरकारला सांगतो, पण पोटातल्या या कर्जाची नोंद कुठल्या तलाठ्याकडे आहे?

रोग शहरी राहिलेला नाही याला आकडे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, महाराष्ट्रात वीस वर्षांवरच्या लोकांत मधुमेह ८.४ टक्के निघाला आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १२.८ टक्के. २०२३ साली सगळ्या देशाचे आकडे आले तेव्हा मधुमेह ११.४ टक्के, उंबरठ्यावरचे १५.३ आणि रक्तदाबवाले ३५.५ टक्के होते. शंभरातले पस्तीस! या मांडवात किती जण बसलेत ते बघा आणि हिशेब करा.

आता ज्यावर डॉक्टरांतही एकमत नाही तिथे येऊ, कारण संघटनेत आपण बाजूचे तेवढे सांगत नाही. चीन आणि कोरियातल्या मोठ्या पाहण्यांत टीवायजीचा आकडा ज्यांचा जास्त, त्यांच्यात पुढे किडनीचा रोग जास्त उपजला. पण ज्यांची किडनी आधीच बिघडली आहे त्यांची घसरण हा आकडा सांगतो का? अमेरिकेत २०१९ साली, किडनी बिघडलेल्या पण मधुमेह नसलेल्या सुमारे १९०० माणसांचा हिशेब मांडला गेला, त्यात होमा-आयआर जास्त असणाऱ्यांची किडनी इतरांपेक्षा जलद गेली असे स्वतंत्रपणे दिसले नाही. मग खरे काय?

आमची समजूत अशी झाली आहे. किडनी बिघडली की तिच्यामुळेच शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. डायलिसिसवरच्या माणसांचे स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत हे १९८१ सालीच मोजून दाखवलेले आहे. रक्तात साचलेली घाण, रक्तातले आम्ल, हालचाल बंद, ही कारणे. म्हणजे सुरुवातीला इन्सुलिनची गडबड किडनीला बिघडवते आणि पुढे किडनी इन्सुलिनला बिघडवते. विहिरीचे पाणी आटल्यामुळे पीक गेले की पिकाला उपसा जास्त झाला म्हणून विहीर आटली, हे मार्चमध्ये भांडून ठरत नाही. ते नोव्हेंबरात पाहायचे असते. म्हणून कंबर, टीवायजी, होमा हे आकडे किडनी धडधाकट असताना कामाचे. रोग लागल्यानंतर पैसे त्यावर घालू नका. तेव्हा पाहायचे आकडे दोनच: लघवीतले अल्ब्युमिन आणि ई-जीएफआर.

ई-जीएफआर म्हणजे फिल्टर मिनिटाला किती मिलिलिटर गाळतो त्याचा अंदाज. तो क्रिएटिनिनवरून काढतात. नुसते क्रिएटिनिन बघून 'नॉर्मल आहे, जा घरी' असे म्हणतात तिथे घोटाळा होतो. क्रिएटिनिन १.१ आहे समजा. तीस वर्षांच्या गड्याला १.१ असेल तर ई-जीएफआर ९२ च्या आसपास, ठणठणीत. तेच १.१ साठ वर्षांच्या बाईला असेल तर ५७, म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा किडनीरोग असू शकतो. आकडा तोच, कागदावर खूणही नाही. त्यातून आपल्या मजूर बाया वाळलेल्या, अंगावर स्नायूच नाहीत. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, म्हणून त्यांचे ते मुळातच कमी, आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. तेव्हा रिपोर्टवर ई-जीएफआर लिहून द्या, असे सांगा. वय आणि बाई की पुरुष एवढे घातले की यंत्रच तो काढते.

साठच्या खाली आकडा, किंवा लघवीत अल्ब्युमिन क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर, आणि हे तीन महिने टिकले, तर तो जुनाट किडनीरोग. एका रिपोर्टवर घाबरायचे नाही. ताप असताना, उन्हात राबून आल्यावर, लघवीला जळजळ असताना अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. पण दुसरा रिपोर्ट करायला विसरायचेही नाही. आपल्याकडे पहिला होतो, दुसरा होत नाही.

आता मधला एक प्रश्न, जो प्रत्येक बैठकीत निघतो. पाण्याने किडनी जाते का? शेजारी बुलढाणा, अकोला, अमरावतीत पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या रोग्यांची ओरड कित्येक वर्षांची आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव हा तो भाग. आपल्या जळगावचा आणि त्या जळगावचा घोळ करू नका. तिथल्या खाऱ्या पाण्यावर बोट ठेवले जाते. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम म्हणून पट्टा आहे, नारळ-काजूचा, तिथे मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशा शेतकऱ्यांच्या किडन्या गेल्या. श्रीलंकेच्या भातशेतीत तेच, मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड्यांत तेच. मध्य अमेरिकेत उन्हात पाण्याविना राबण्यावर मुख्य संशय आहे, आणि तिथे ऊसतोड्यांना सावली, पाणी, विश्रांती ठरवून देण्याचे प्रयोग झाले. आपल्याकडे भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. या वाटेने किडनी जाणाऱ्याचा टीवायजी उत्तम येईल, कंबर ७० येईल. म्हणून म्हणतो, इन्सुलिनचे आकडे चांगले आले म्हणजे किडनीची हमी मिळाली असे नव्हे. मजुराला रानात पाण्याची कळशी आणि दुपारची सावली देणे हे आपले, मालकांचे काम आहे. भाव मिळत नाही हे कारण इथे चालायचे नाही.

दुसरी वाट आपल्या खिशात असते. कंबर दुखली की डायक्लोफेनॅक, गुडघा दुखला की ब्रुफेन. पानटपरीवरसुद्धा मिळते. वेचणीच्या हंगामात बाया रोज दोन गोळ्या घेऊन उभ्या राहतात. उन्हात अंगातले पाणी कमी झालेले, त्यावर ही गोळी म्हणजे फिल्टरला येणारा पाण्याचा वॉल्व्ह बंद करून मोटार चालवणे. जिला मधुमेह किंवा रक्तदाब आहे तिने या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. अनोळखी भस्मांचेही तसेच.

खाण्याबद्दल थोडे. खानदेशी माणसाला मीठ कमी कर म्हणणे म्हणजे शेवभाजी सोड म्हणणे. पण करायला हवे. पापड, बिबड्या, लोणचे, शेव यांत मीठ आहेच, आणि पापडखार म्हणजेही सोडियमच. सैंधव खाल्ले म्हणजे सुटलो असे नाही, तेही मीठच. बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते, ते किडनीच्या रोग्याला घातक ठरू शकते. केळीचे मात्र नीट ऐका, कारण रावेर-यावलमध्ये यावरून घराघरात वाद आहेत. केळीत पोटॅशियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. किडनी फार खालावली आणि रक्तात पोटॅशियम वाढले की ते हृदय थांबवू शकते, तेव्हा केळी बंद, हे बरोबर. पण ई-जीएफआर साठ आहे, पोटॅशियम नॉर्मल आहे अशा माणसाला कोणी घाबरवून केळी सोडायला लावली असेल तर आधी पोटॅशियम तपासा. केळीवाल्याने स्वतःच्या बागेतले केळ भीतीने सोडावे हे आम्हाला पटत नाही. मधुमेह असेल तर किती खायचे हा प्रश्न वेगळा.

जुने ते सोने म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. आजोबा कळण्याची भाकरी खात आणि निरोगी असत, हे अर्धसत्य आहे. आजोबांना चाळिशी गाठायला मिळे की नाही हे आधी विचारा. पण ज्वारी-उडदाच्या भाकरीची जागा मैद्याच्या बिस्किटाने आणि दिवसाच्या आठ चहांनी घेतली आणि बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, हा हिशेब तर डोळ्यांसमोर आहे. मालकाचे चालणे गेले, मजुराचे राहिले. कंबर कोणाची वाढली ते बघा.

औषधांच्या बाबतीत मात्र बातमी चांगली आहे. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या फिल्टरमधला दाब उतरवतात, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या जातीच्या, त्या जुन्या आणि स्वस्त आहेत. लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर डॉक्टर याच देतात. लोसार्टनने मधुमेह्यांच्या किडनीची घसरण मंदावते हे २००१ साली सिद्ध झाले. त्यानंतर आली डापाग्लिफ्लोझिन. २०२० साली ४३०४ रुग्णांवरचा प्रयोग जाहीर झाला. किडनी निम्म्याहून खालावणे, निकामी होणे, किडनी-हृदयाने मृत्यू येणे, हे सगळे धरून धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्यातल्या एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतात या औषधाचे पेटंट संपले, डझनावारी कंपन्या उतरल्या, भाव कोसळला. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले, तिथेही तेच झाले. मक्तेदारी तुटली की काय होते हे आपण इतकी वर्षे कापसाच्या बाबतीत सांगत आलो. औषधाच्या दुकानात ते पाहायला मिळाले! अर्थात या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. उलट्या-जुलाब असताना, नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्याने, त्या थांबवाव्या लागतात. डॉक्टरला उपासाचे सांगायला लाजू नका.

एवढी साधने असताना आमचा कार्यकर्ता डायलिसिसवर का गेला? अल्ब्युमिनची तपासणी त्याला बारा वर्षांत एकदाही कोणी सांगितली नाही आणि त्यानेही विचारली नाही. दर महिन्याला साखर मात्र तपासत होता. आता आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेला चार तास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसते, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत २०१६ च्या केंद्राच्या कार्यक्रमापासून यंत्रे आली, धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून सरकारी महाविद्यालय आहे. म्हणून सुईचे, यंत्राचे पैसे लागत नाहीत. पण पहाटे गाव सोडायचे, सोबत एक माणूस, दोघांचे एस.टी. भाडे, दोघांची मजुरी बुडाली, आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशीही उठवत नाही. आठवड्याचे सहा दिवस गेले. त्याची वहिती आता बटाईने दिली आहे. पहिल्या वर्षी बैलजोडी गेली, दुसऱ्या वर्षी रस्त्याकडेचे एकर. वहिनी म्हणाल्या, "आते माले काय व्हस ते कोन देखस?" आम्हाला उत्तर देता आले नाही. त्यांचा रक्तदाब आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा मोजला. १७० होता.

कृषिमूल्य आयोग पिकाचा उत्पादन खर्च काढतो तेव्हा बियाणे, खत, बैलाचे श्रम, घरच्यांची मजुरी, जमिनीचा खंडसुद्धा धरतो. ज्या शरीराने ती मजुरी केली त्याची घसाऱ्याची रक्कम कुठे धरली आहे? ट्रॅक्टरला घसारा मिळतो. किडनीला नाही. ही मागणी आपल्या निवेदनात घालावी असे आम्ही सुचवतो, चर्चेत ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी करावा. सरकार ती लगेच मानेल असे नाही. आजवर कुठली लगेच मानली?

पण निवेदनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब-साखर तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात फुकट होते. त्या बरोबर, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने वर्षातून एकदा सकाळच्या पहिल्या लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन, ई-जीएफआर लिहून, मागून घ्यायचे. नाही म्हणाले तर नाही असे लेखी द्या म्हणायचे. लेखी मागितले की काय होते हे आपल्याला वीज मंडळाच्या कचेरीत पुष्कळदा कळलेले आहे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गावशाखेने एक वही आणायची. नाव, वय, कंबर, रक्तदाब, साखर, अल्ब्युमिन, ई-जीएफआर एवढेच रकाने. नाव नको असेल त्याने नुसता नंबर टाकावा. टेप आणि रक्तदाबाचे यंत्र आज मागच्या टेबलावर ठेवले आहे, आरोग्य सेविका ताई दोन वाजेपर्यंत थांबणार आहेत. बायांची रांग आधी लावा. पुरुष मंडळींनी तोवर जेवून घ्यावे, आणि पापडाची थाळी आज फिरवू नये.